क्लिनिकमध्ये सेवेची ओढ वाया जाते का?

प्रश्न आधी थोडक्यात मांडते. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा नुकताच पूर्ण केलेली, पुरंदर तालुक्यातून पुण्यात येऊन राहिलेली एक मुलगी विचारते आहे: शाळेत असताना आजीचं लांबलेलं दुखणं घरात काढलं, तेव्हापासून आजारी माणसाचं करायची ओढ आहे. आता दोन नोकऱ्या समोर आहेत. एक सिंहगड रस्त्यावरच्या फिजिशियनचं क्लिनिक, दुसरी मोठ्या हॉस्पिटलचा मेडिसिन वॉर्ड, नाइट ड्यूटीसकट. क्लिनिक रूमपासून चालत दहा मिनिटांवर आहे. पण मैत्रिणी म्हणतात, 'तिथे बीपी बघायचं, नंबर पुकारायचे आणि घरी जायचं. याला काय नर्सिंग म्हणतात?' माझी ओढ तिथे वाया जाईल का?

नाही जाणार. पण तू आत्ता क्लिनिक धरू नकोस, आधी वॉर्डात जा. हे उलटसुलट वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी स्वतः वॉर्डातून क्लिनिकमध्ये आले आणि पुढची सगळी नोकरी पर्वती-सहकारनगर भागातल्या ओपीडीत काढली. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय.

ओढ आहे हे चांगलंच आहे. पण पेशंटला तुझी ओढ दिसत नाही गं, त्याला तुझा हात कळतो. चिकटलेलं ड्रेसिंग सलाईनने भिजवून सोडवलंस की तसंच ओढलंस, शीर सापडत नाही म्हणून तीनदा टोचलंस की थांबून दुसऱ्या हाताची पाहिलीस, हे त्याला कळतं. आणि हात बसायला काम लागतं, पुष्कळ काम लागतं. ते वॉर्डात मिळतं. शिवाय वॉर्डात तुझ्या डोक्यावर सिनियर असते. ती ओरडते, कधीकधी अन्याय करते, पण रात्री तीन वाजता पेशंटचा श्वास बदलला तर तो बदललाय हे तुला तीच दाखवते. क्लिनिकमध्ये हे दाखवणारं कोणी नाही. डॉक्टर दाराआड एका पेशंटबरोबर, बाहेर वीस माणसं बसलेली, आणि मधे तू एकटी.

त्या बाहेरच्या बाकावरच क्लिनिकच्या नर्सचं निम्मं काम असतं, हे तुझ्या मैत्रिणींना माहीत नाही. वॉर्डात पेशंट आजारी आहे हे ठरवून दाखल केलेलं असतं. बाकावर सगळे सारखेच दिसतात. सर्दीवाला जोरजोरात शिंकत असतो, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. कोपऱ्यात एक पन्नाशीचे गृहस्थ रुमालाने मान पुसत बसलेले असतात. विचारलं तर म्हणतात, 'काही नाही सिस्टर, ॲसिडिटी झालीय, जळजळतंय. माझा नंबर अजून लांब आहे, बसतो.' पंखा चालू, बाकी कोणाला घाम नाही, आणि यांचा शर्ट पाठीला चिकटलाय. हा हार्ट अटॅक असू शकतो. अशा माणसाला नंबर पाहत बसवायचं नसतं. आत घ्यायचं, झोपवायचं आणि दहा मिनिटांच्या आत ईसीजीची पट्टी डॉक्टरांच्या हातात द्यायची. बाहेर लगेच सुरू होतं, 'आम्ही काय वेडे म्हणून पाऊण तास बसलोय?' पुणेकर आहेत, रांगेचा हिशोब चोख ठेवतात. त्यावर वाद घालायचा नाही. 'त्यांची तब्येत बरी नाही काका, तुमचा नंबर जात नाही,' एवढं म्हणायचं आणि आत जायचं. कोणाला आत घ्यायचं हे ओळखणारी नजर वॉर्डात बिघडत चाललेली माणसं पाहून पाहूनच येते.

आता 'नुसतं बीपी बघायचं' यावर. बहुतेक ठिकाणी ते कसं बघतात? माणूस दोन जिने चढून येतो, धापा टाकत खुर्चीत बसतो, पाय अधांतरी, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधला जातो, आणि हवा भरता भरता सिस्टर विचारतात, 'काय होतंय?' तो सांगायला लागतो. आलेला आकडा केसपेपरवर चढतो आणि त्या आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू होते. यातली प्रत्येक गोष्ट बीपी वर नेते: बोलणं, एकावर एक पाय टाकणं, हात टेबलावर न ठेवता लोंबता ठेवणं, भरलेली लघवी, नुकताच घेतलेला चहा, ओढलेली सिगारेट. बारका पट्टा जाड दंडाला बांधला तरी आकडा जास्तच येतो. आतल्या रबरी पिशवीने दंडाच्या घेराचा निदान ८० टक्के भाग वेढला पाहिजे, म्हणून मोठा पट्टा वेगळा ठेवावा लागतो. किती क्लिनिकमध्ये तो असतो ते जाऊन बघ.

पेशंटला पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, गप्प बसू द्यायचं. दंड उघडा, हात छातीच्या उंचीवर. मिनिटभराने पुन्हा बघायचं. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं बघायचं. म्हातारी माणसं 'रात्री उठलं की भोवळ येते' म्हणाली तर एकदा झोपवून आणि मग उभं करून एक-तीन मिनिटांनी बघायचं. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगायचं, कारण ती भोवळ बाथरूममध्ये खुब्याचं हाड मोडते. वीस पेशंटच्या गर्दीत हे करणं कठीण आहे. पण केलं की कोणाची गोळी कमी होते, कोणाची वेळ बदलते. डॉक्टर चांगला असेल तर महिन्याभरात तो तुझ्या आकड्यावर विश्वास ठेवायला लागतो आणि स्वतः पट्टा बांधायचं सोडून देतो. ती शाबासकी तोंडाने मिळत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मला क्लिनिक वॉर्डापेक्षा मोठं वाटतं ती सांगते. वॉर्डात माणूस आठ दिवसांसाठी तुझा असतो. डिस्चार्ज झाला की गेला. क्लिनिकमध्ये तोच माणूस वर्षानुवर्षं येतो. मुलीचं लग्न, निवृत्ती, बायकोचं जाणं, सगळं तुझ्यासमोर होतं. आणि तो डॉक्टरांना जे सांगत नाही ते तुला सांगतो, बहुतेक वेळा बाहेर पडताना, चप्पल घालता घालता. 'सिस्टर, ती महागाची गोळी मी एक दिवसाआड घेतो, डॉक्टरांना बोलू नका.' हे ऐकून लेक्चर द्यायचं नाही आणि गुपितही ठेवायचं नाही. 'काका, मी नाही सांगत, चला आपण दोघं मिळून सांगू, याच औषधाची स्वस्त कंपनी असते, जनऔषधीत मिळेल का तेही विचारू,' असं म्हणून त्याला परत आत न्यायचं. डॉक्टर तिसरी गोळी वाढवायच्या बेतात असतात, कारण त्यांच्या हिशोबी दोन गोळ्या रोज पोटात जातायत.

एक इन्शुलिनची गोष्ट सांगते, कारण ती कोणत्याही क्लिनिकमध्ये उद्या घडू शकते. धनकवडीहून एक आजी यायच्या, साखर तीनशेच्या खाली येईना. दर भेटीला डोस थोडा वाढायचा. 'इंजेक्शन बरोबर घेता ना?' विचारलं की 'हो हो, नातू देतो की' हे ठरलेलं उत्तर. मी म्हटलं, पुढच्या वेळी घरातलं सगळं पिशवीत घालून आणा, बाटली, सुया, सगळं. आणलं. टेबलावर मांडलं आणि म्हटलं, आता मला करून दाखवा, टोचू नका, नुसतं भरून दाखवा. नातवाने अगदी व्यवस्थित भरलं, हवेचे बुडबुडे काढले, रेघेला रेघ जुळवली. सगळं बरोबर, फक्त सिरिंजचं टोपण नारिंगी होतं.

आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन बहुतेक करून ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलीमध्ये ४०. त्याची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्शुलिनसाठी असते. त्या सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत भरलं तर ०.२ मिली येतं, आणि ४० वाल्या बाटलीतलं असेल तर त्यात खरे फक्त ८ युनिट असतात. आजी महिनोन्महिने ठरल्या डोसच्या निम्म्याहूनही कमी घेत होत्या आणि कागदावर डोस चढत होता. यात खरा धोका पुढे होता. तो चढवलेला डोस कोणीतरी एके दिवशी योग्य लाल टोपणाच्या सिरिंजने दिला असता, तर आजींना एकदम अडीचपट इन्शुलिन गेलं असतं, कदाचित रात्री झोपण्याआधी. म्हणून 'ही सिरिंज बदला' एवढंच सांगून त्यांना घरी पाठवायचं नव्हतं. डॉक्टरांनी डोस मुळापासून नव्याने ठरवला, आणि नातवाला मी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवायला शिकवलं. दुकानदाराने 'ही संपलीय, हीच घेऊन जा' म्हटलं तर घ्यायची नाही, हेही. त्याच बैठकीत आजींच्या पोटावर हात फिरवला तर बेंबीच्या उजवीकडे लिंबाएवढी गाठ. तिथे दुखत नाही म्हणून रोज तिथेच टोचत होत्या. गाठीत टोचलेलं इन्शुलिन नीट शोषलं जात नाही.

ही सगळी तपासणी पंधरा-वीस मिनिटांची. त्याला कुठली मशीन लागली नाही. 'कळलं का?' असं न विचारता 'करून दाखवा' म्हणायचं, इतकंच. क्लिनिकच्या नोकरीत तुझा जीव रमणार असेल तर तो अशा ठिकाणी रमेल.

आपल्या माणसांचं पंचांगही तुला पाठ हवं. आषाढी एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी घेतली, उपास म्हणून पोटात दोन केळी आणि चहा, आणि दुपारी अकरा-बाराला हातपाय थरथरायला लागले, हे दर वर्षी येतं. साखर सत्तरच्या खाली आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग खायला काहीतरी. 'उपास मोडेल' म्हणून आजोबा ओठ घट्ट मिटतात. तिथे शास्त्र सांगत बसू नये. त्यांच्या घरातल्या मोठ्या बाईला फोन लावून द्यावा, एका वाक्यात काम होतं. उलट बाजूला साबुदाण्याची खिचडी आणि रताळं भरपेट खाऊन साखर चारशेवर नेणारेही असतात, आणि ते शपथेवर सांगतात की सकाळपासून काही खाल्लेलं नाही. म्हणून एकादशीच्या आठवडाभर आधीच बाकावर बसलेल्यांना विचारायला लागायचं, उपास करणार का, आणि करणार असतील तर गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आत्ताच विचारा.

वारीचंही तसंच. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला येते, तेव्हा आपले कितीतरी मधुमेही पेशंट पुढे चालायला निघतात. त्यांना 'जाऊ नका' म्हणणारी नर्स पेशंट गमावते. पाय बघावेत. दहा ग्रॅमचा दाब देणारा तो बारीक नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून त्याचा स्पर्श कळतो का ते पाहावं. ज्याला कळत नाही त्याला फोड आलेलाही कळणार नाही. त्याला सांगायचं, अनवाणी एक पाऊल नाही, नवी चप्पल नाही, रोज संध्याकाळी बरोबरच्याला तळवे दाखवायचे. इन्शुलिन ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या बोळक्यात, ट्रकमधल्या गरम पेटीत नाही.

लहान मुलांचं काम वेगळं. जनता वसाहतीतली एक मुलगी दर एकवीस दिवसांनी यायची. रुमॅटिक फीव्हरने हृदयाची झडप दुखावलेली, आणि पुन्हा ताप येऊन ती आणखी बिघडू नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिन. हे इंजेक्शन कोणाला नको असतं. औषध घट्ट, पांढरं, सुईत अडकणारं, आणि दुखतं म्हणजे खरंच दुखतं. रिॲक्शनच्या भीतीने कित्येक ठिकाणी देतच नाहीत. आमचे डॉक्टर द्यायचे, पण ते क्लिनिकमध्ये हजर असताना आणि रिॲक्शनवरचं ॲड्रेनलिन भरायला तयार ठेवूनच. त्या मुलीच्या आईची मोलमजुरी, एक खाडा म्हणजे पैसे गेले, आणि मुलगी जिन्यापासूनच रडायला लागायची.

रडणं कमी करायला मी काही जादू केली नाही. बाटली आधी हातात धरून कोमट करायची. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, ओलं असताना टोचलं की जास्त झोंबतं. सुई जरा मोठ्या भोकाची, म्हणजे मधेच अडकून पुन्हा टोचावं लागत नाही. टोचण्याआधी त्याच जागेवर अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरायचं. आणि औषध अगदी सावकाश, दोन-तीन मिनिटं घेऊन, एकाच वेगाने ढकलायचं. बाहेर कितीही आरडाओरडा होऊ दे, ती दोन-तीन मिनिटं तिची. 'दुखणार नाही हं बाळा' हे मी तिला कधी म्हटलं नाही. 'दुखणार आहे, मी हळू देते, तू पाढा म्हण' असं म्हणायचे. ती तेराच्या पाढ्यात दरवेळी अडखळायची आणि स्वतःच चिडायची. एकवीस दिवस उलटून गेले आणि ती आली नाही तर मी आईला फोन करायचे. टेबलावर एक साधी वही होती, पुढच्या तारखांची. ती वही ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. तुझ्या क्लिनिकमध्ये सॉफ्टवेअर असेल, मेसेज आपोआप जात असतील, तरी फोन कर. मेसेज वाचून कोणी खाडा करत नाही.

पेशंट आपण होऊन दारात येईल अशी वाट बघायची सवय आपल्या धंद्याला लागलीय. पुण्यात तरी तसं व्हायला नको होतं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुल्यांच्या डॉक्टर मुलाने, यशवंतरावांनी, हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला, तेव्हा सावित्रीबाई आजाऱ्यांना स्वतः तिथे घेऊन यायच्या. मुंढव्याच्या वस्तीतलं एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. नर्सिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. माणसाला दवाखान्यापर्यंत आणणं हे कामाचाच भाग आहे, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

साथीचा विषय निघालाच आहे तर सिंहगड रस्त्याबद्दल, कारण तुझी ऑफर तिथलीच आहे. जानेवारी २०२५ मध्ये किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडत जातात त्या आजाराचे, पेशंट एकामागोमाग सापडले. पुढे संशयितांचा आकडा पुणे परिसरात दोनशेच्या वर गेला, आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू मिळाला. यातले बरेच लोक आधी जुलाबासाठी जवळच्याच क्लिनिकमध्ये गेले असणार. जुलाब थांबतात, आठवडाभराने माणूस पुन्हा येतो आणि म्हणतो, 'अशक्तपणा वाटतोय, पायात चप्पल राहत नाही, सलाईन लावा.' तिथे सलाईनच्या आधी दोन प्रश्न विचारायचे: जिना चढून आलात का, आणि हाताला काय होतंय? कालपेक्षा आज पाय जास्त जड आहेत, जिन्याचा कठडा धरावा लागला, हे ऐकलं की डॉक्टरांच्या दारावर टकटक करायची, आत कोणी का असेना. अशा पेशंटला कधीकधी श्वासाच्या मशीनची गरज लागते, म्हणून तास-दोन तास महत्त्वाचे. २००९ चा स्वाइन फ्लू, २०२० चा कोरोना, दोन्हींची झळ पुण्याला लवकर लागली. पुढचंही काहीतरी येईलच, आणि ते आधी अशाच एखाद्या बाकावर येऊन बसेल.

आता पैशाचं. याबद्दल नर्स मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. तुला ओढ आहे हे मुलाखतीत फार सांगू नकोस. ओढ असणाऱ्या मुलीला कमी पगार चालतो, असा एक समज आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराबद्दल शिफारशी केल्या. २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, आणि ५० हून कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० च्या खाली नाही. क्लिनिकला खाटाच नसतात, त्यामुळे तिथे हा आकडा कोणी विचारातही घेत नाही. तू घे. किमान बोलणी करताना तो तुझ्या डोक्यात असू दे. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढून बायकांना जी कामं शिकवली त्यात नर्सिंग होतं, आणि हेतू त्या बायका स्वतःच्या पायावर उभ्या राहाव्यात हाच होता. पुण्यकर्म म्हणून फुकट राबाव्यात असा नव्हता.

कित्येक क्लिनिकमध्ये पांढरा ॲप्रन घातलेली मुलगी नर्स नसतेच, हेही तुला माहीत असेल. बारावी झालेली, हुशार, बघून बघून शिकलेली. तिचा राग करू नकोस, तिला राबवून घेतलं जातंय. पण तिच्या शेजारी तुला बसवलं आणि दोघींना तेच काम, तोच पगार दिला, तर ती नोकरी तुझी नाही. तिला नाडी मोजायला शिकव हवं तर. इंजेक्शन देऊ देऊ नकोस.

थकवा येणार. वॉर्डात तो पायांत येतो, क्लिनिकमध्ये डोक्यात, कारण तोच प्रश्न दिवसात चाळीस वेळा येतो. 'जेवणाआधी की जेवणानंतर?' एकेचाळिसाव्याला तो पहिल्यांदाच पडलेला असतो. काही दिवस असे जातात की कोणाचीच कणव येत नाही, घड्याळाकडे लक्ष असतं. त्याचा बाऊ करू नकोस. त्या दिवशीही पट्टा उघड्या दंडालाच बांधायचा, पाच मिनिटं बसू द्यायचं, नाव विचारूनच इंजेक्शन द्यायचं. आजींना त्या दिवशी तुझ्या मनात काय होतं याच्याशी कर्तव्य नसतं. पण आठवडेच्या आठवडे तसं वाटत राहिलं, सकाळी उठून जावंसंच वाटेना, तर सुट्टी माग, कोणाशी तरी बोल. आणि पेशंटच्या नातेवाइकाने अंगावर धावून येणं हा थकव्याचा भाग समजून गिळायचं नाही. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हात उचलणं महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात नर्स येते.

तर वॉर्डाची ऑफर घे. दोन वर्षं, जमलं तर थोडा काळ कॅज्युअल्टीतही. मग क्लिनिक शोध, सिंहगड रस्त्यावरचंच मिळालं तर उत्तमच. मुलाखतीला जाशील तेव्हा पगार विचारायच्या आधी डोळे उघडे ठेवून एक चक्कर मार. इमर्जन्सी ट्रे कुठे आहे आणि त्यातल्या ॲड्रेनलिनची तारीख उलटली आहे का. लसींचा फ्रिज वेगळा आहे की त्यातच डॉक्टरांचं दही आणि पाण्याच्या बाटल्या आहेत. थर्मामीटर २ ते ८ च्या मधे आहे का, आणि ते लिहून ठेवायचा कागद गेल्या आठवड्याचा आहे की गेल्या वर्षीचा. सुई तोडायचं कटर चालू आहे का, पिवळ्या-लाल पिशव्या खरंच वेगळ्या भरल्यात की फक्त भिंतीवर तक्ता लावलाय. डॉक्टर क्लिनिकमध्ये नसताना इंजेक्शनं कोण देतं, हे सरळ विचार. 'सिस्टरच देतात, मी फोनवर सांगतो' असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघ.

हेपॅटायटिस बीचे तीनही डोस झालेत का तेवढं बघून घे, वॉर्डात पाऊल टाकायच्या आधी. सुई टोचलीच तर बोट पिळत बसायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि लगेच, त्याच ड्यूटीत, इन्चार्जला सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. लाजून दुसऱ्या दिवसावर टाकणाऱ्या मुली मी पाहिल्यात. आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन अजून हातात आलं नसेल तर आधी ते काम कर. दर पाच वर्षांनी त्याचं नूतनीकरण असतं, तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेव. 'आत्ता जॉइन व्हा, कागद नंतर देऊ' असं दोन्हीपैकी कोणीही म्हटलं तरी नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत मूळ सर्टिफिकेटं कोणाकडे ठेवू नकोस, झेरॉक्स दे.